बटनावर कोन उभं राहील?

आमच्या धामणगावात कॉम्प्युटरला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. त्याच्याशी भांडून वर उत्तर मागणारे एकटे पुंजाजीकाका. एकदा सातबारा काढायला माझ्या दुकानात आले, सर्व्हर बंद होता, आणि कटकट नको म्हणून मी त्यांना एक गेम लावून दिला. तेव्हापासून माझं एक मशीन गेलं ते गेलंच. भर दुपारी येऊन माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतात, वर चहा मीच पाजायचा!

गेम असा. आपण अंतराळातल्या एका प्रयोगशाळेत कोंडलेले. कोडं सोडवलं की दार उघडतं, मग पुढची खोली. छतातून एक यंत्रबाई गोड आवाजात इंग्रजी बोलते, मी मराठी करून सांगतो. "आधीचे सगळे याच खोलीत मेले, पण फरशी पुसून घेतली आहे." "घाबरू नका, प्रयोग सुरक्षित आहे. शेवटी जेवण आहे."

"खोटारडी," काका टेबलावर हात आपटतात. "बियाण्याच्या मेळाव्यातला साहेब असाच बोले. बोंडअळी येतच नाही म्हने. जेवनबी देल्लं होतं. अन् अळी आली तं फोन उचलत नाही."

बीटी कपाशीच्या बियाण्याच्या थैलीसोबत साध्या कपाशीची एक पुडी येते. ती शेताच्या कडेनं लावायची, अळीला खायला, म्हणजे मधली कपाशी टिकते म्हणतात. सारं गाव ती पुडी फेकून देतं. काका लावतात, आणि कडेच्या त्या झाडांना आधी पाणी देतात. लोक हसतात. काका खवळतात, "बाकीच्यायसाठी ते खाल्ल्या जाते, त्याले पानी तं द्या बे."

आता शेवटची खोली. तिथं जमिनीत एक मोठं बटन आहे, त्यावर कोणी उभं असेल तोवरच दार उघडं राहतं. पहिल्यापासून एक छोटा चाकांचा गाडा आपल्या मागं मागं फिरत असतो. त्याला बटनावर ठेवायचं, आपण निघायचं, की जिंकलो. शेंबडं पोरही सोडवेल. काका मात्र स्वतः बटनावर उभे राहतात आणि गाड्याला बाहेर पाठवतात. दार बंद. बाई म्हणते, "अभिनंदन, तुम्ही हरलात." गेम पुन्हा पहिल्या खोलीपासून. रोज हेच.

परवा माझं डोकं फिरलं. "काका, निघा ना बाहेर! काऊन डोकं खाऊन राह्यले माझं?"

"मंग बटनावर कोन उभं राहील?"

"गाडा. यंत्र हाये ते."

"लहान हाये ते," काका म्हणाले.

त्यांचा धाकटा भाऊ पुण्यात इंजिनियर आहे. वडील गेले तेव्हा काका कॉलेजात होते. शेत कोणीतरी बघायलाच हवं होतं, काका घरी परतले आणि त्यांनी भावाला शिकवलं. हा गृहस्थ दर दिवाळीला येणार असतो आणि येत नाही. मला भयंकर राग येतो त्याचा. पण काका त्याच्याबद्दल वाकडा शब्द ऐकून घेत नाहीत.

काल गाडा बाहेर गेला, दार लागलं. बाई बोलली, पण काकांनी तिला शिवी दिली नाही. बंद दाराकडे बघत विचारलं, "बाहीर गेल्यावर त्याले ध्यान राह्यत असन का बे, बटनावर कोन होतं ते?"

गेम दाराशीच संपतो. बाहेरचं काही दाखवत नाही.

"राह्यते, काका," मी म्हटलं.

"मंग लाव पुन्हा," ते म्हणाले, आणि खुर्ची पुढं ओढली.