अर्धशिशी आणि शेतरस्ता

माणसाची पारख त्याच्याबरोबर जेवून होत नाही, बसूनच होते, हे तलवाडा पंचक्रोशीतले मूलभूत सत्य आहे. (‘बसणे’ याचा शाळेत शिकवतात तो अर्थ इथे लागू नाही.) सोयरिकी, वाटण्या, बांधाचे तंटे आणि पुढचा सरपंच यांपैकी कोणताही विषय आमच्याकडे ग्लासाशिवाय मार्गी लागत नाही.

यामागचा विचार शास्त्रशुद्ध आहे. घेणारा माणूस रात्रीचे सकाळी विसरतो, म्हणून त्याच्यासमोर मन मोकळे करता येते. न घेणाऱ्याला सगळे आठवते, आणि ज्याला सगळे आठवते त्याच्याशी व्यवहार कोण करणार? आमच्या पाहणीनुसार गावातल्या दहापैकी नऊ भांडणांच्या मुळाशी एक न पिणारा साक्षीदार असतो. (दहाव्या भांडणातला पिणाराच होता, पण त्या दिवशी त्याला मिळाली नव्हती.)

अशा प्रगत समाजात उत्तरेश्वराला अर्धशिशी असावी, हे त्याचे दुर्दैव. दोन घोट पोटात गेले की त्याचे उजवे कपाळ ठणकू लागते, उजेड सोसत नाही, आणि पुढचे दोन दिवस तो दारे-खिडक्या लावून, कपाळाला ओला पंचा बांधून पडतो. त्याची बायको वनमाला त्या दोन दिवसांत त्याच्या वाटची म्हशींची कामे करते आणि भांडी मुद्दाम आपटून घासते.

तरीही त्याला बसणे भाग होते. त्याच्या उसाकडे जायची वाट सुंदररावांच्या रानातून. (सुंदरराव म्हणजे मोठे बागायतदार आणि माजी बरेच काही.) ही वाट म्हणजे बांधावरची पाऊलवाट. तिथून बैलगाडी जात नाही, ट्रॅक्टरचे तर नावच नको. तोडलेला ऊस मोळी मोळी करून डोक्यावरून सडकेला आणावा लागतो. त्यामुळे ऊसतोड टोळीचा मुकादम रान बघूनच परत फिरतो. गेल्या साली निम्मा ऊस उभ्या-उभ्या वाळला आणि उरलेला वनमालेने वाहिला.

सुंदररावांचे मन मात्र मोठे. ते प्रत्येक बैठकीत रस्ता देतात. तिसऱ्या ग्लासाला ते उत्तरेश्वराला जवळ ओढतात.

“उत्तरेश्वरा, तू माजा धाकला भाऊ हायस. उद्याच्याला जेसीबी आनतो. बांध फोडतो. रस्ता दिला!”

डोकेदुखी उतरल्यावर उत्तरेश्वर त्यांच्या दारात जातो, तेव्हा ते तितक्याच मायेने चहा मागवतात. “कशाचा रस्ता बे? त्या दिशी जरा जास्तच झालती. काय बोलून गेलतो, काईच याद न्हाई.”

उत्तरेश्वराने आधी बैठकीत सुंदररावांना खरे सांगून पाहिले. “अण्णा, मला सोसत न्हाई. अर्धशिशी हाय.” हे वाक्य बैठकीत कधी उच्चारू नये. सोमेश्वर गुरुजींच्या मते पाणी कमी घातल्याने डोके दुखते. बंकट उपसरपंचांच्या मते मुळात पाणी घातल्यानेच दुखते. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खावी आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे यावे, यावर मात्र दोघांचे एकमत झाले. सुंदरराव नुसते दुखावले. म्हणाले, “माज्या हातची नगं का तुला?” या प्रश्नाला जगात उत्तर नाही. उत्तरेश्वराने घेतली आणि दोन दिवस पंचा बांधला.

शेवटी उपाय वनमालेने काढला. आले घातलेला कोरा चहा, गार करून, बाटलीत. रंगात तसूभर फरक नाही. डॉक्टरने आपल्याला हाच ब्रँड लिहून दिलाय, असे उत्तरेश्वराने जाहीर केले आणि ते सगळ्यांना ताबडतोब पटले. दुसऱ्याच्या ब्रँडला आमच्याकडे कोणी हात लावत नाही, तेवढी सभ्यता आहे. चहा पिऊन झिंगणे मात्र कष्टाचे काम. दुसऱ्या ग्लासाला शेजाऱ्याच्या गळ्यात हात, तिसऱ्याला वडिलांची आठवण, चौथ्याला चप्पल सापडू नये, असा क्रम त्याने मेहनतीने बसवला. (आमच्या स्वतःच्या ग्लासाची चर्चा इथे अप्रस्तुत आहे.)

यंदा कंदुरी, म्हणजे नवसाच्या बोकडाचे जेवण, सुंदररावांच्या रानात झाली. भर दुपारी लिंबाखाली बैठक बसली होती. रश्श्याचे पातेले आले, सगळे एकदम सरसावले आणि सतरंजीवरचे ग्लास इकडचे तिकडे झाले. उत्तरेश्वराने समोरचा उचलून घोट घेतला. चहाच होता. पण त्यात आले नव्हते. गवती चहाचा वास होता आणि साखरेचा पत्ता नव्हता.

सुंदररावांना शुगर आहे, हे तालुक्याला माहीत होते. त्याच क्षणी समोर सुंदररावांनी घोट घेतला आणि आल्याने त्यांना जोराचा ठसका लागला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. उत्तरेश्वराला सगळा हिशोब लागला. म्हणजे दर वेळी रस्ता देणारे सुंदरराव शुद्धीत होते, आणि विसरणारेही शुद्धीतच होते. सुंदरराव मुरलेले, ते आधी सावरले. जीभ जड करून म्हणाले, “उत्तरेश्वरा... रस्ता दिला!”

“अण्णा, तुमीच माजं दैवत,” म्हणत उत्तरेश्वर त्यांच्या गळ्यात पडून रडला. (रडणे मात्र खरे होते.)

घरी पोचेपर्यंत त्याचे उजवे कपाळ ठणकू लागले होते.

“आता चहानं बी चढाया लागली का?” वनमालेने विचारले. त्याने पंच्याखालून सगळे सांगितले. ती ताडकन उठली. “मंग सांगा की चार लोकांत! अण्णा शुद्धीत व्हते म्हनावं. शब्द पाळाया लावा त्यांना.”

“आन मी कशात व्हतो म्हनून सांगू?”

वनमाला पुन्हा खाली बसली. मग म्हणाली, “तुमचं अर्धंच डोस्कं दुखतंय. मोळ्या वाहून माजं अख्खं दुखतंय, त्याला कुनी जिलेबी सांगत न्हाई.”

तेव्हापासून उत्तरेश्वर आणि सुंदरराव बैठकीत मांडीला मांडी लावून बसतात. एकमेकांच्या ग्लासावर दोघांचे बारीक लक्ष असते. असा जिव्हाळा सख्ख्या भावांतही दिसत नाही, असे गाव म्हणते. रस्ता दर बैठकीला मिळतो.

एवढे डोळ्यांनी दिसत असून कोणी बोलत का नाही, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. तुम्हीही कधी आग्रहाखातर हातात आलेला ग्लास हळूच कुंडीत ओतून ‘मस्त आहे’ म्हणाला असाल. तेव्हा तुम्ही का गप्प बसलात, ते आठवा. आणि तुम्ही अजिबातच घेत नसाल, तर आम्हाला खरी काळजी तुमची आहे, कारण हे सगळे तुम्हाला सकाळी आठवणार. बांधावरून मोळी घेऊन चाललेली वनमाला डोळ्यांसमोर आलीच, तर ‘काल जरा जास्तच वाचलं गेलं’ एवढे म्हणा. आमच्याकडे तेवढे पुरते.