मृत दुवा आणि कापा फणस

“इतिहास पुराव्यावर उभा असतो, मतांवर नव्हे!” हरिहर दामले सरांनी ओटीवरून जाहीर केलं. त्या वेळी ते स्वतः एका पायावर उभे होते, कारण दुसऱ्या पायातली चप्पल सापडत नव्हती.

“बाकाखाली आहे,” आतून त्यांच्या पत्नी उमाताई म्हणाल्या. “पुरावा हवा असेल तर वाका.”

सर वाकले, चप्पल घातली आणि मोबाइल घेऊन शाळेच्या दिशेने निघाले. त्यांना एका फणसाचा फोटो काढायचा होता.

रत्नागिरीच्या आगरआळी विद्यामंदिराचे ते माजी मुख्याध्यापक. जूनमध्ये शाळेचा अमृतमहोत्सव होता. त्यासाठी कोणीतरी शाळेचं पान इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात घातलं होतं. मुक्त म्हणजे त्यात कोणीही उठून काहीही लिहावं आणि दुसऱ्या कोणीही उठून ते खोडावं. महोत्सवात शाळेच्या फाटकाशी एक संगमरवरी पाटी बसणार होती आणि तिच्यावरच्या क्यूआर कोडपुढे मोबाइल धरला की हेच पान उघडणार होतं. म्हणजे तोवर पानावर जे राहील ते दगडात कोरल्यातच जमा.

त्या पानावर इमारत एका देणगीदाराच्या नावे होती, सभागृह एका आंबेवाल्याच्या आणि पाण्याची टाकी त्या आंबेवाल्याच्या मेव्हण्याच्या. उभी हयात शाळेत घालवलेल्या सरांच्या वाट्याला एकच वाक्य होतं, आणि तेही त्यांनीच लिहिलेलं: ‘आवारातील कापा फणस माजी मुख्याध्यापक हरिहर दामले यांनी लावला.’ दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर ‘कापा’ गायब, त्या जागी ‘बरका’!

आमच्याकडे माणसाला एक वेळ अडाणी म्हटलेलं चालतं, पण त्याने लावलेल्या फणसाला बरका म्हणू नये. कापा म्हणजे खुटखुटीत गरा, पाहुण्यापुढे ताटलीत ठेवावा असा. बरका म्हणजे बुळबुळीत, खाणाऱ्याला न विचारताच घशाखाली उतरणारा. आणि हे रोप तर सरांनी मुरुडच्या घरच्या नारळी-पोफळीच्या आगरातून, एसटीने, मांडीवर घेऊन आणलेलं.

बदल करणाऱ्याने नाव लपवलं नव्हतं. गंगाराम भाटकर. सरांचाच विद्यार्थी, मालवाहू बोटीवर नोकरीला, सध्या सुट्टीवर घरी, आणि घरी करायला काही नाही म्हणून माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष. सरांनी त्याला फोन लावला होता.

“गंग्या, त्या झाडाचा फणस तू खाल्लायस?”

सरांच्या काळात त्या झाडाला हात लावणाऱ्याला शाळेतून काढण्याचा हुकूम होता. तो इतका कडक होता, की हुकूम काढणाऱ्यानेही कधी त्या झाडाचा गरा तोंडात घातला नव्हता.

“खाल्ला असं नाही सर,” गंगाराम म्हणाला, “पण बरका आहे.”

“कशावरून?”

“तुमचा कापा कशावरून?”

सरांनी ‘कापा’ केलं, गंगारामने ‘बरका’. सकाळी कापा, दुपारी बरका, संध्याकाळी पुन्हा कापा. शेवटी या भांडणात ‘चौकस’ नावाचा एक संपादक पडला. हा चौकस कोण, कुठला, कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याने आयुष्यात फणस पाहिला होता की नाही, याचीही शंका होती. त्याने ‘कापा’च्या पुढे बारीक अक्षरांत लिहिलं: ‘संदर्भ हवा’.

सरांनी लिहिलं, ‘झाड मी स्वतः लावले आहे.’

चौकस म्हणाला, ‘स्वतःचा अनुभव चालत नाही. छापून आलेले काही द्यावे.’

म्हणून तो फोटो. सर उन्हातून घामाघूम होऊन आले, फोटो चढवला आणि उत्तराची वाट बघत बसले. उत्तर आलं: ‘फोटो फणसाचा आहे. बाहेरून आहे.’

तेव्हा सरांना आठवलं, की पुण्याच्या लेकीने, अवनीने, एकदा त्यांच्यासाठी ‘दामले सरांची वनराई’ नावाचं संकेतस्थळ काढून दिलं होतं आणि त्यात फणसावर एक लेख होता. सरांनी त्याचा पत्ता आपल्या नावापुढे संदर्भ म्हणून चिकटवला. ते संकेतस्थळ कधीच बंद पडलंय, हे सरांना माहीत नव्हतं. चौकसला दोन मिनिटांत कळलं. उघडत नसलेल्या पत्त्याला ज्ञानकोशाच्या भाषेत ‘मृत दुवा’ म्हणतात. नियमाप्रमाणे त्याने ते दोन शब्द तिथे लिहिले आणि तो झोपायला गेला.

आता पानावर असं दिसत होतं: ‘हरिहर दामले (मृत दुवा)’.

हे पहिल्यांदा पाहिलं निलेशने. निलेश गंगारामच्याच वर्गातला, लोट्याच्या एका कारखान्यात कामाला. रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून परतताना त्याने अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ते वाचलं आणि खाडकन जागा झाला. बस घरी पोचायच्या आत त्याने वर्गाच्या ग्रुपवर टाकलं: ‘आपले दामले सर मृत. सर्वांनी दुवा करा.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

सरांचा फोन वाजला.

“दामले सरांचं घर ना? फार वाईट झालं हो.”

“काय झालं?”

“सर गेले ना!”

“कुठे?”

“म्हणजे... वर.”

सरांनी नकळत माळ्याकडे पाहिलं. “अहो, मी दामलेच बोलतोय!”

“मुलगा का? आवाज अगदी सरांसारखा आहे हो तुमचा. मी सर्वेश, पालीहून.”

“गाढवा, तुला भूमिती कोणी शिकवली?”

“सरांनीच,” सर्वेशला हुंदका आला. “हे असंच बोलायचे. शेवटी काही म्हणाले का हो?”

सरांच्या डोक्याची शीर तटतटली. गेला आठवडाभर जे डोक्यात घोळत होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. “फणस कापा! कळलं? फणस कापा!” एवढं ओरडून त्यांनी मोबाइल बंद केला आणि कपाटात धोतरांच्या घडीखाली कोंबला.

सर्वेशने डोळे पुसून ग्रुपला कळवलं, की सरांचे अखेरचे शब्द ‘फणस कापा’ असे होते आणि सरांचा मुलगा दुःखाने भ्रमिष्टासारखा झालाय. अर्ध्या ग्रुपला वाटलं, सरांनी फणसाची जात सांगितली. अर्ध्याला वाटलं, आज्ञा केली. घरच्यांना त्रास नको म्हणून कोणी घरी जायचं नाही, संध्याकाळी शाळेतच शोकसभा घ्यायची, यावर मात्र एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाताई पेपर घेऊन ओटीवर आल्या.

“अहो, तुम्ही गेलात,” त्या म्हणाल्या. “पण ते राहू दे. हा मुलगा कोण?”

“कुठला मुलगा?”

“‘त्यांच्या पश्चात पत्नी, कन्या आणि एक मुलगा असा परिवार आहे.’ मला कन्या माहिती आहे. मुलगा कुठला?”

सरांनी पेपर ओढून घेतला. स्वतःचं निधन छापून आलेलं वाचून त्यांना धक्का बसला, मुलगा झाल्याचं वाचून त्याहून मोठा बसला. पण पुढच्या ओळीशी ते थबकले. ‘शोकसभेत माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष गंगाराम भाटकर गहिवरून म्हणाले, की शाळेतला फणस सरांनीच लावला आणि तो कापाच आहे.’

सरांनी धोतरांखालून मोबाइल काढला, ज्ञानकोश उघडला. चौकस आधीच येऊन गेला होता. ‘कापा’ शब्द दिमाखात उभा होता, त्यापुढे संदर्भ म्हणून पेपरचं नाव आणि तारीख. शिवाय ‘कै. हरिहर दामले’ असं एक स्वतंत्र पानही निघालं होतं! निलेशने रडत रडत बनवलेलं. त्यात जन्म, मृत्यू, कार्य आणि कुटुंब. कुटुंबात मुलगा.

सरांनी लिहिलं, ‘मी जिवंत आहे.’

उत्तर आलं, ‘संदर्भ हवा.’

“ते राहू दे,” उमाताई म्हणाल्या, “मुलाचं बोला.”

“अगं, सर्वेश फोनवर मलाच माझा मुलगा समजला!”

“छान. आणि हे मी शेजारच्या आवटे वहिनींना कसं समजावू? सकाळपासून दोनदा डोकावून गेल्या. तुमच्या जाण्याचं एक अक्षर काढलं नाही त्यांनी. आधी त्या मुलाचा काय तो निकाल लावा, मग जेवायला या.”

तेवढ्यात अंगणाची कडी वाजली. खांद्यावर शाळेतल्या झाडाचा भलामोठा पिकलेला फणस घेऊन गंगाराम आत आला. सरांच्या अखेरच्या इच्छेचा अर्थ लावणाऱ्यांत तो आज्ञेच्या बाजूचा होता. ओटीवर चढून त्याने मान वर केली.

“सर!”

फणस खांद्यावरून निसटला आणि ओटीच्या कडेवर आपटून दुभंगला. पिवळाजर्द लगदा लादीवरून वाहत सरांच्या चपलेपर्यंत आला. त्यात खुटखुटीत असं काहीही नव्हतं. कोणालाही कोणताही संदर्भ द्यायची गरज उरली नाही.

सरांनी चप्पल मागे घेतली.

“पण तू काल कापा म्हणालास ना रे?” सरांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

“मेलेल्या माणसासाठी म्हटलं होतं सर. तुम्ही जिवंत आहात म्हटल्यावर...” गंगारामने लादीकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

उमाताईंनी निमूट ताट आणि खोबरेलाची वाटी आणून ठेवली. सरांनी बोटांना तेल लावलं, आठळीवरून एक गरा ओढला आणि तोंडात टाकला. तो त्यांना न विचारताच खाली उतरला. सरांनी दुसरा घेतला. मग तिसरा.

“गोड आहे रे,” ते आश्चर्याने म्हणाले.

“नववीत होतो तेव्हापासून गोड आहे सर,” गंगाराम म्हणाला आणि जीभ चावली.

सरांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. ताटात आठळ्या पडत राहिल्या.

“मी जातो आणि पेपरवाल्यांना खुलासा छापायला सांगतो,” गंगाराम हात पुसत उठला. “सर जिवंत आहेत, बातमी चुकीची होती म्हणून.”

“थांब,” सर म्हणाले. “बातमी चुकीची ठरली, तर त्या पानाचा संदर्भ गेला.”

“गेला.”

“संदर्भ गेला की कापा गेला.”

“मग बरकाच, सर.”

“पाटी कधी बसते आहे?”

“जूनच्या मध्यावर.”

आतून पोळ्यांचा वास येत होता, पण ताट मांडल्याचा आवाज काही येत नव्हता. शेवटी सरांनी मोबाइल जवळ ओढला आणि तेलकट, चिकट बोटाने एकेक अक्षर दाबत चौकसला लिहिलं:

‘स. न. वि. वि. आमच्या मृत्यूबाबत व फणसाबाबत मजकूर आहे तसाच राहू द्यावा, तक्रार नाही. कुटुंब या सदरातील मुलगा मात्र कृपया लगेच काढावा. जेवणाची वेळ झाली आहे.’