इंगोले नाईकांचं भिंतीवरचं गाव

आमचे शेजारी इंगोले नाईक यांच्या घरी टीव्ही स्वयंपाकघरात असतो. पूर्वी तो बैठकीत होता. पण भिंतीवरची बाजारपेठ वाढत वाढत त्याच्यापर्यंत आली, आणि टीव्हीला जागा सोडावी लागली.

ही बाजारपेठ फोटोंमधली आहे. एकाहत्तरच्या लढाईत आपल्या फौजेनं सीमेपलीकडचं वाळवंटातलं एक गाव घेतलं आणि काही महिने ताब्यात ठेवलं. इंगोले तेव्हा विशीतले शिपाई होते; पुढं फौजेत नाईक झाले, आणि ते पद नावाला चिकटलं. आज पंच्याहत्तरीला टेकलेत, आणि त्या गावाचे, तिथल्या आपल्या जवानांचे फोटो जमवताहेत. एका फोटोचा डावा कोपरा दुसऱ्याच्या उजव्याला जुळला, की टाचणी मारून ओरडतात, “कोना जुळला!” मग स्वयंपाकघरातून त्यांची बायको, सुमनकाकू, विचारतात, “कोनाचं घर सापडलं आज?”

गंमत म्हणजे हे सारे फोटो नाईकांनी स्वतःच काढलेले. हवालदाराकडे कॅमेरा होता, आणि अख्ख्या तुकडीत हात न हलणारा माणूस नाईक एकटे. पण रिवाज असा, की ज्याचा फोटो त्याची कॉपी. काढणाऱ्याच्या वाट्याला काही नाही. लढाई संपली, जवान आपापल्या गावी गेले आणि नाईकांचं गाव त्यांच्या पन्नास फौजी पेट्यांमध्ये वाटलं गेलं.

त्या काळ्या लोखंडी पेट्यांच्या मागे ते असतात. कुठं सांत्वनाला गेले, तर चहाचा कप खाली ठेवून हळूच म्हणतात, “मानूस मोठा होता. पेटी कुठी हाये त्याची?” पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर मुलीचे आजोबा फौजी निघाले. मुलीला नाव विचारायच्या आधी हे माळ्यावर चढले. पोहरादेवीच्या यात्रेत भरगर्दीत फौजी वळणाची मिशी दिसली, की त्या माणसाला थांबवतात. तिथंच “मी नाईक” म्हणून ओळख दिली, तर एका बंजारा कुटुंबाला वाटलं, हे तांड्याचे नाईक. त्यांनी भावाभावांचं भांडण यांच्यापुढे मांडलं. “आमी फौजेतले नाईक, बापा,” असं सांगून झालं. पण भांडण मिटवूनच उठले. जाताना पेटीची चौकशी केलीच.

दुपारी शाळेत शिकवून आलो, की मला हाक येते. “सर, चाला, चक्कर मारून येऊ.” मग आम्ही दोघं भिंतीसमोर उभे राहतो आणि त्यांचं बोट चालू लागतं. ही विहीर. हे शिंप्याचं दुकान, कुलूप तसंच. इथं सरपंचाचा ओटा असावा. माणसं लढाईआधीच निघून गेलेली, उंबरठ्यांवर वाळू चढलेली, आणि प्रत्येक दारापुढे आपला एकेक जवान छाती काढून उभा. नाईक जवानांना हातानं झाकतात. “हे बाजूले झाले का गाव दिसते.” थोड्या वेळानं खरंच वाशीमचे ऑटो ऐकू येईनासे होतात. कुठंतरी उंटाच्या गळ्यातली घंटा वाजतेय असं वाटत राहतं.

एका गल्लीच्या टोकाला वीतभर भिंत कोरी होती. तिथं त्यांचं बोट थांबायचं. “इथं एक दरवाजा हाये,” एवढंच म्हणायचे.

तो दरवाजा जवळच्या अनसिंग गावात सरकटेंच्या पेटीत होता. सरकटे त्याच तुकडीतले, नाईकांच्याच वयाचे. पण दोघांत अबोला. मागच्या महिन्यात नाईक एकदम म्हणाले, “सर, गाडी काढा. पाय धरतो त्याचे.”

सरकटे ओसरीवरच बसलेले होते. नाईकांना पाहून माझ्याकडेच वळले. “सर, नवे बूट होते माह्ये! पॉलिश करून उभा राह्यलो. अन् यानं काय केलं? मले अर्धाच घेतला. बूट नाई, एक कान नाई!”

“चुकलं रे बापू,” नाईक म्हणाले.

“काहून पन? तुहा हात तं कधी चुकत नव्हता!”

नाईकांनी हात पुढे केला, “फोटो दाखव.” सरकटेंनी कुरकुरत आत जाऊन फोटो आणला. कडेला सरकटेंचा एक खांदा आणि एक कान. मधोमध दरवाजा, आणि दारात बसलेली एक फार म्हातारी बाई. कॅमेऱ्याकडे बघून हसणारी.

“थे कोन?” सरकटेंनी पन्नास वर्षांत पहिल्यांदाच स्वतःला सोडून फोटोकडे पाहिलं.

“तिले चालता येत नव्हतं,” नाईक म्हणाले. “सारं गाव गेलं, थे राह्यली. त्या गल्लीत माही ड्युटी होती. फौजेच्या लंगरातल्या दोन रोट्या नेऊन देवो. थे तिच्या बोलीत बोले, मी आपल्या वऱ्हाडीत. माह्या मायचं सांगितलं, शेताचं सांगितलं. तिले काय समजलं कोन जाने. पन मान हालवे. तिनं कधी फोटो पाह्यला नव्हता. मी म्हनलं, तुले देईन. दुसऱ्याच दिवशी तुकडी हालली.”

सरकटेंनी फोटो धोतरानं पुसून नाईकांच्या हातात दिला. मग म्हणाले, “कॉपी काढ अन् वापस आनून दे. अर्धा का होईना, मी हावो त्याच्यात.” आणि आत चहाला सांगायला गेले.

आम्ही वाशीमला परतलो ते थेट स्टुडिओत. काउंटरवरच्या मुलीनं फोटो निरखला. “बाजूचा खांदा कापून टाकू का, काका? आजी चांगल्या दिसतील.”

“राहू दे,” नाईक म्हणाले, “पह्यलेच नाराज हाये थो.”

“किती कॉप्या?”

“दोन. एक माही, एक तिची.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, “तिची पाठवणार कुठं?”

नाईकांनी पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात नीट सरळ ठेवलं.

“थे मले बी नाई मालूम, सर. पन तयार तं पाह्यजे.”