तक्रार खिडकीवरची शांतता

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर डोंगरापलीकडून बदली होऊन एक नवे कारकून रुजू झाले. त्यांच्याकडे कुणाचं बोलणं संपल्या संपल्या उत्तर देणं म्हणजे ते उडवून लावणं समजतात. शहाण्या माणसाने आधी मनात वीस आकडे मोजायचे. आमच्याकडे तिसऱ्याच आकड्याला जीव कासावीस होतो.

पहिल्याच दिवशी निवृत्त मास्तर आले. "चार दिवस नळाला थेंब नाही!"

कारकून आदराने बघत राहिले.

"म्हणजे... थेंब येतो. पहाटे." शांतता. "तसं आम्हा दोघांना लागतं किती?" शांतता. "खरं सांगू? नळ आमचाच जुना आहे. राहू द्या, उगाच तुम्हाला त्रास."

"उद्या माणूस पाठवतो," हे कारकुनांच्या ओठांवर येईपर्यंत मास्तर जिना उतरले होते.

महिन्याभरात प्रलंबित तक्रारी शून्यावर आल्या. साहेबांनी परिपत्रक काढलं: 'यापुढे सर्व खिडक्यांवर नागरिकांना किमान तीस सेकंद शांतता पुरवण्यात यावी.' टेलिफोनवरच्या बाईंना तर खास प्रशिक्षणाला धाडलं. त्या दुसऱ्याच दिवशी रडत परत आल्या.

मग मूळच्या डोंगरापलीकडच्याच एक आजी आल्या. "पाणी नाही," म्हणाल्या आणि थांबल्या.

"किती दिवस?" कारकुनांनी यथावकाश विचारलं.

आजीही रीतसर थांबल्या. "नऊ."

दोघं अगदी निवांत. मागची रांग घामाघूम. काय खोळंबलंय ते बघायला साहेब केबिनमधून बाहेर आले आणि नेमके त्या शांततेत सापडले. आजींनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

"तसं काही नाही हो आजी," साहेब हसले. कुणीच बोललं नाही. "तुमच्या लाइनची चावी जरा... अर्धीच उघडतो आपण." तरी कुणी बोलेना. "म्हणजे, मीच सांगितलंय. आमच्या बागेला दाब कमी पडतो ना!"

त्याच दुपारी चावी पूर्ण उघडली. नळ धो धो वाहिले.

आठवड्याभरात वर अर्ज गेला: 'सदर कारकून बोलत नाहीत. समोर उभं राहणं अवघड होतं. बदली व्हावी.' खाली दोनशे सह्या.

बदली झाली. साहेब आहेत तिथेच आहेत. नवे कारकून भारी गोड बोलतात, घरच्यांची आपुलकीने चौकशी करतात. पाणी दिवसाआड येतं, पण कुणाची काही तक्रार नाही.

त्या अर्जावर तुमचीही सही आहे, पाहिली मी. असे गप्प काय झालात? बोला की काहीतरी!