मनोऱ्यावर तिघं

लीपा आणि ओरेल या दोन मोबाइल कंपन्या एकच मनोरा वाटून वापरू लागल्या, तेव्हापासून कंपन्यांच्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला त्यांचा संशय होता. बाहेरून प्रतिस्पर्धी, आतून भाऊ-भाऊ, असा. त्यामुळे लीपाचा रादिम आणि ओरेलचा बोहुश या इंजिनिअरांना वकिलांची तंबी होती : कामाखेरीज एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही.

आज कार्यालयाच्या स्कालोवाबाई स्वतः पाहणीला जंगलात आल्या होत्या. दोघांनी मनोऱ्याची वीज बंद केली आणि तिघं शिडीने पहिल्या मजल्यावर चढली. तेवढ्यात खाली पाचोळा वाजला.

"बोहुश, खाली बघ," रादिम म्हणाला.

"कामाचं आहे का? नसेल तर वकिलांना विचारावं लागेल."

"रानडुकरीण आहे. पिल्लांसकट."

डुकरिणीने बोहुशची पिशवी फाडली.

"माझा डबा!"

"काय होतं त्यात?" बाईंनी विचारलं.

"कटलेट."

"कशाचं?"

बोहुश पांढराफटक पडला. "डुकराचं."

तिघंही आणखी चार पायऱ्या वर सरकली.

बाईंचा आणि रादिमचा फोन लीपाचा, बोहुशचा ओरेलचा. मनोऱ्याची वीज बंद, म्हणून तिन्ही मुके. वीज चालू करायचं बटण खालच्या पेटीत, आणि त्या पेटीला डुकरीण पाठ घासत होती.

"दोन कंपन्या, आणि एक फोन लागत नाही," बाई म्हणाल्या.

"११२ लावू," बोहुश म्हणाला. "तो कुणाच्याही जाळ्यातून जातो."

"खबरदार!" बाई ओरडल्या. "अग्निशमनवाले येतील, मागोमाग फोटोवाले. दोन्ही कंपन्यांना बिलगून मी खांबावर! नोकरी जाईल माझी."

डुकरिणीने शिडीला धडक दिली. अख्खा मनोरा हलला.

रादिमने डोळे मिटले आणि मोज्यातून दुसरा फोन काढला. स्ट्रुना या तिसऱ्या कंपनीचा. बायकोच्या गावात तेवढाच लागायचा. स्ट्रुनाचा मनोरा वेगळा, समोरच्या टेकडीवर. लीपात हे कळलं असतं, तर त्याला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं. त्याने वनरक्षक मेहुण्याला फोन लावला. "लेओश, गाडी काढ. हॉर्न वाजवत ये. का ते विचारू नकोस!"

मग तो हळूच म्हणाला, "बोहुश, तू कुठं बोलणार नाहीस ना?"

"कशाबद्दल? तुझ्या कंपनीतलं मला काही कळताच कामा नये. वकिलांनी बजावलंय."

बाई मात्र समोरच्या टेकडीकडे बघत होत्या. "स्ट्रुनालाही याच मनोऱ्यावर यायचंय. स्वस्त पडेल म्हणतात. उद्या मी परवानगी देणार होते."

"आणि आता?"

खाली डुकरीण शिडीच्या पायथ्याशी ऐसपैस आडवी झाली.

बाईंनी पाय पोटाशी घेतले. "आता स्ट्रुनाने त्या टेकडीवरच राहावं."