चिपमधली जागा

सुभाषराव कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या हातात यायच्या आत विचारतात, "तुमचा कॉम्प्युटर चालू व्हायला किती टाइम घेतो?" प्रकृती, मुलंबाळं, उसाला तोड मिळाली का, हे सगळं नंतर. उत्तर ऐकून त्यांचा चेहरा एक्स-रे उजेडात धरलेल्या डॉक्टरसारखा होतो. मग हळू आवाजात म्हणतात, "एवढा? बघावं लागंल."

जळोचीत आमची घरं समोरासमोर. मी बारामतीत मराठी शिकवून निवृत्त झालो, ते इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून. काट्यावर पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे कारकून लांब उभे राहिले आणि सुभाषराव जवळ गेले. "गेले ते अजून परत आले न्हाईत," असं त्यांच्या पत्नी मंदाताई म्हणायच्या. मंदाताईंना जाऊन काही वर्षं झाली. मुलगा बंगळुरात. घरात आता सुभाषराव आणि एक जुना कॉम्प्युटर, एवढेच.

आमच्या भागात माणूस बोअरला मोटार बसवतो तीही कुणाच्या तरी शुभहस्ते. सुभाषरावांनी कॉम्प्युटरची माहिती साठवायची नवी ड्राइव्ह आणली ती पिशवीत, कोथिंबिरीखाली. बोटाएवढी पट्टी, पण भलतीच वेगवान. अडचण एवढीच, की त्यांच्या मदरबोर्डाला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीला, ती दिसेना. बोर्ड जुना, ही जात नंतरची. दुकानदार म्हणाला, "काका, बोर्ड भंगारात घाला."

"आरं, त्याला हिची वळखच न्हाय. त्यात त्याचा काय गुन्हा? वळख करून दिली पायजे."

हे त्यांचं आवडतं वाक्य. कारखान्याच्या नव्या चेअरमनबद्दलही ते हेच म्हणत.

ओळख करून द्यायची म्हणजे काय, ते त्यांनी मला समजावलं. मदरबोर्डावर नखाएवढी चिप असते. बटण दाबलं की सगळ्यांच्या आधी तिच्यातला प्रोग्रॅम जागा होतो आणि कोण कोण हजर आहे ते बघतो. त्याला बायोस म्हणतात. सुभाषराव या बायोसची प्रत काढणार, तिच्यात नव्या ड्राइव्हची माहिती असलेला तुकडा घालणार आणि ती परत चिपमध्ये भरणार. भरताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका.

म्हणून गुरुवार बाद. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जातेच. घरी इन्व्हर्टर असूनही ते वायरमनला गाठून आले.

"बाळासाहेब, उद्या दुपारी आपल्याकडं काय काम काढलं न्हाय ना?"

"का वो तात्या? घरी कुणाचं ऑपरेशन हाय काय?"

"व्हय," असं म्हणून सुभाषराव गंभीरपणे निघून आले.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी गेलो तर ते कपाळाला हात लावून बसलेले. तुकडा बसत नव्हता. चिपमध्ये जागाच उरली नव्हती.

"काहीतरी काढावं लागंल, सर."

"मग काढा की."

"सगळ्यात जास्ती जागा ह्यानं खाल्लीया." त्यांनी पडद्यावर एक चित्र उघडलं.

इतरांचा कॉम्प्युटर चालू झाला की कंपनीचं नाव येतं. सुभाषरावांच्या पडद्यावर एक गुलाबी पक्षी यायचा आणि यंत्र जागं होईपर्यंत चांगला वेळ उभा राहायचा. दोघं नवराबायको एकदा भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेली होती. घरी येऊन मंदाताईंनी माऊसनं तो काढला. आयुष्यात माऊस हातात धरला तो तेवढ्यापुरताच. सुभाषराव म्हणाले, "ही तर काठ्यांवर चढवलेली कोंबडी." बाई रुसल्या. मग त्यांची समजूत काढायला यांनी कंपनीचं नाव काढून पक्षी चिपमध्ये बसवला.

"चित्र दुसरीकडे ठेवलंय ना?" मी विचारलं.

"तीन पेनड्राइव्हात हाय."

"मग काढायला काय हरकत आहे?"

"सर, पेनड्राइव्हात असणं आन् रोज सकाळी समोर येणं, यकच हाय व्हय?"

मी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली.

ते बराच वेळ चिपमध्ये काय काय आहे त्याची यादी पडद्यावर खालीवर करत राहिले. मग एका ओळीवर थांबले. "ही नेटवर्कवरनं कॉम्प्युटर चालू करायची सोय. हापिसात लागती. मला कुठं हापिस हाय?" ती सोय गेली. तुकडा बसला, पक्षी राहिला.

चिप भरायला घेतली तेव्हा त्यांनी मला पंखा बंद करायला लावला. भरून झालं, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि पडदा काळाच राहिला. सुभाषरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग एक बारीक बीप आला, गुलाबी काहीतरी चमकलं आणि मी चष्मा सारखा करेपर्यंत कॉम्प्युटर कामाला तयारही होता.

"जमलं की, सुभाषराव!" मी हात पुढे केला.

"जमलं," ते म्हणाले. "लई फास्ट झालं." आवाज दहाव्याला आलेल्या माणसाचा होता. हात त्यांनी मिळवला, पण बघत होते पडद्याकडे.

पुढच्या आठवड्यात सकाळी पेपर द्यायला गेलो. पडद्यावर पक्षी उभा होता. मी वाट पाहिली. हलेना.

"अडकलं वाटतं," मी म्हणालो.

"अडकलं न्हाय. पयलं चित्र किती येळ थांबवायचं, ती सोय हाय ह्याच्यात. हुते तेवढे सगळे सेकंद लावले. बसा."

"पण मग कामाचा खोळंबा होतो की."

"काम कुठलं आलंय, सर?" त्यांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं. "चालू करतो ते एवढ्यासाठीच."