भोयरकाकांची भाड्याची टेबलं

भोयरकाकांशी बोलायचं असेल तर वाकावं लागतं.

इतवारीत धान्याच्या एका दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस आहे. ऑफिस त्यांचं, टेबलं मात्र आमची, म्हणजे भाड्याने घेणाऱ्यांची. कोणी दोन तासांसाठी घेतं, कोणी दिवसासाठी, कोणी महिन्यासाठी. जिना चढून आत आलं की उजवीकडे प्लायवूडची चार फूट रुंद भिंत आहे आणि तिला छातीइतक्या उंचीवर अर्धगोल भोक पाडलेलं आहे. पलीकडे काका बसतात. भिंतीला वळसा घालून सरळ त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभं राहता येतं. पण तसं कोणी उभं राहिलं तर काका समोर बघत राहतात, जणू शेजारी माणूसच नाही. फारच झालं तर म्हणतात, "चौकशी खिडकीवर." मग आपण परत फिरून पुढे यायचं, भोकाशी मान वाकवायची आणि मघाचंच विचारायचं. उत्तर ताबडतोब मिळतं, तेही हसतमुखाने.

मी पाण्याच्या पंपांची आणि फवारणी यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत आणतो. हे काम घरी बसून होतं असं लोकांना वाटतं. मी घरी काम करतो म्हणजे घरीच असतो, असा आमच्या नातेवाइकांचा समज झाला होता. त्यामुळे सिलिंडर घेणं, शेजाऱ्यांचं कुरिअर सांभाळणं आणि आत्याला दातांच्या डॉक्टरकडे नेणं ही तिन्ही खाती माझ्याकडे आली. एका आठवड्यात आत्याचे तीन दात निघाले आणि माझं एक पान झालं नाही. त्याच आठवड्यात मी इतवारीतला तो जिना चढलो.

"कुठवर जायचं हाय?" भोकातून प्रश्न आला.

"जायचं नाही, बसायचंय."

"तेच इचारून राहिलो. किती दिवस?"

"सध्या एक महिना."

काकांनी समोरच्या तक्त्यावर बोट फिरवलं. "खिडकीची नाही भेटनार. मधातली हाय. चार नंबर. सामान?"

"एक बॅग."

"पायात ठेवाची नाही. वर रॅक हाय."

तेव्हापासून मी चार नंबर आहे. माझं नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही.

काका अठ्ठावीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल, कधी सुटेल, हे माइकवरून पुकारायचं हे त्यांचं काम. ही जागा सासऱ्यांची. ती काकूंकडे आली, आणि काकू गेल्यावर काकांकडे. वर्षानुवर्षं इथे मिरचीची पोती असायची. त्यामुळे नवा माणूस पहिले चार दिवस शिंकतो, पाचव्या दिवशी सरावतो. निवृत्तीनंतर पुतण्याने सांगितलं की आजकाल लोक टेबलसुद्धा भाड्याने घेतात. काकांना ते लगेच पटलं. "सीटच हाय ना ते," ते म्हणाले म्हणे.

आणि त्यांनी ऑफिस तसंच लावलं. बारा टेबलं, तीन रांगा, खुर्च्यांच्या पाठीवर रंगाने आकडे. पहिली रांग महिलांसाठी राखीव. महिला नसल्या तर पुरुषाने खुशाल बसावं, पण आली की उठावं. विमा विकणारे एक गृहस्थ ऐन फोनवर असताना एकदा उठवले गेले. "काका, गिऱ्हाईक आहे लाइनवर!" ते कळवळून म्हणाले. "उभ्यानं बोला ना. लोक उभ्यानं अमरावतीले जातात," काका म्हणाले.

चहाची वेळ अकरा आणि चार. तेव्हा छोट्या माइकवरून घोषणा होते. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. चहा आलेला आहे. चहा पाच मिनिटं थांबेल." सहाव्या मिनिटाला किटली खरोखर जाते. पहिल्या आठवड्यात माझा दोनदा चुकला. तक्रार केली तर म्हणाले, "पुढचा चारले."

हे सगळं मी हसत घरी सांगायचो. मग प्रणाली आली.

प्रणाली नरखेडजवळच्या एका गावची. घरी संत्र्याचा बगीचा, शिक्षण कॉम्प्युटरचं. नागपुरात मैत्रिणीच्या खोलीवर राहून नोकरी शोधत होती. खोलीत चौघी, म्हणून दिवसा इथे टेबल. वडिलांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर नोकरी लागली नाही तर काटोलचं एक स्थळ पक्कं करायचं, असं ठरलेलं. हे तिने काकांना सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं. काकांना कसं कळलं ते मला माहीत नाही. पण त्यांनी तिला पहिल्या रांगेतली खिडकी दिली. ती खिडकी मी वर्षभर मागत होतो.

एकदा तिचे वडील जागा बघायला आले. पांढरा सदरा, हातात संत्र्यांची पिशवी. ते थेट काकांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मी मनात म्हटलं, झालं आता. पण काका चक्क उठले आणि स्वतःची खुर्ची त्यांना दिली.

"इथं लोक करून काय राहिले?" वडिलांनी आजूबाजूला पाहत विचारलं.

"आपापलं काम."

"मग घरी काहून नाही करत?"

"घरी होत असतं तर इथं कोन आलं असतं, पाटील?"

वडील बराच वेळ बसले. जाताना संत्री तिथेच ठेवून गेले, पण मुदत काही वाढवली नाही.

दिवाळीला बारा दिवस उरले असताना प्रणालीला पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत आली. कॉम्प्युटरवरूनच, सकाळी साडेअकराला. इतवारीत दिवाळीच्या तोंडावर साडेअकरा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. त्या दिवशी खाली एक टेम्पो आडवा अडकला. त्याच्यामागे दुसरा, समोरून हातगाड्या, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम. प्रणाली कानाला हेडफोन लावून पांढरीफटक बसली होती. "दादा, मला माझंच ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. घड्याळात अकरा पंचवीस.

काकांनी खण उघडला. शिट्टी काढली, माइक काखोटीला मारला आणि जिना उतरले. मी खिडकीतून पाहत होतो. त्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून शिट्टी फुंकली. मग तोच आवाज, ज्याने अठ्ठावीस वर्षं गाड्या सोडल्या.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. वरच्या मजल्यावर आपल्या पोरीचा पेपर चालू हाय. अर्धा घंटा कोनी हॉर्न वाजवू नये. भुसावाला टेम्पो, मांगे घे. हातगाड्या डाव्या बाजूनं."

"काका, गाडी काय डोक्यावर घेऊ का?" एक हातगाडीवाला ओरडला.

"घे. पन चुपचाप घे."

लोक हसले. आणि हसल्यामुळे असेल, टेम्पो खरंच मागे गेला. खालच्या धान्यवाल्या शेठजींनी हमालांना हळू आवाजात पोती मोजायला लावली. रस्ता गप्प झाला असं म्हणणार नाही, इतवारी ती. पण ती कुजबुजत होती. काका चाळीस मिनिटं भर उन्हात उभे राहून हातानेच गाड्या काढत होते. कोणी हॉर्नकडे हात नेला की वरच्या खिडकीकडे बोट दाखवायचे.

प्रणाली बाहेर आली तेव्हा काका घामाने थबथबून जिन्यात बसले होते.

"काय झालं?"

"कळवतील म्हणाले. काका, शेवटी एक बाई मला म्हणाली, तुमच्याकडे किती शांत आहे, कोणता एरिया?"

"मंग?"

"इतवारी म्हटलं."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणलं.

पाचव्या दिवशी नोकरीचं पत्र आलं. वडिलांनी ते फोनवर दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "जाय मंग." बस्स, तेवढंच.

दिवाळी झाल्यावर ती निघाली. दुपारी चारची पुण्याची गाडी. आई-वडील गावाहून येणार होते, पण बगीच्यात तोड सुरू होती, संत्र्यांची गाडी भरायची होती. त्यांनी सकाळीच घरून निरोप दिला. म्हणून मी सोडायला गेलो, आणि काका आले. ऑफिस त्यांनी दोन तास बंद ठेवलं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. स्थानकावर त्यांना ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. त्यांनी तिची बॅग वर ठेवली, खिडकीची काच सरकते का ते पाहिलं, कंडक्टरला "पोरगी एकटी हाय" असं तीनदा सांगितलं आणि खाली उतरून माझ्याजवळ उभे राहिले. गाडी हलली. प्रणाली हात हलवत होती. मीही हलवला. काकांचे हात पाठीमागे बांधलेले होते. गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे.

"चला काका."

"माझी सुषमा याच गाडीनं गेली," ते म्हणाले. "शिकाले. पहिल्यांदाच घरून निघाली होती. मी ड्युटीवर. तिची गाडी मीच पुकारली. तिच्या मायनं बसवून देलं. मले पाच मिनिटं बाहेर येता आलं असतं गा. मागून मोर्शीची गाडी लागली होती, ते पुकारत बसलो."

"किती वर्षं झाली?"

"एकोनीस. आता पुन्यातच हाय. नोकरी, लेकरू, सारं. फोन करते दर रविवारी. मी म्हनतो, बरा हाय. ती म्हनते, बरं."

आम्ही बाहेर आलो. रिक्षावाले मागे लागले होते, पण काका चालतच निघाले. रसवंतीपाशी थांबून त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि नंबर लावला. त्या दिवशी बुधवार होता.

"सुषमा? नाही वं, काही झालं नाही. बरा हाय. आयक ना. इथून एक पोरगी पाठवून राहिलो. आपलीच हाय. उद्या सकाळी उतरल. तिथं तिचं कोनी नाही. तू घ्याले जाशीन?... हो, प्रणाली नाव. जेऊ घाल तिले."

मग पलीकडून सुषमाच बोलत असावी. काका दोन्ही हातांनी फोन धरून चालू लागले. मी मुद्दामच दोन पावलं मागे राहिलो.

"मी?" ते म्हणाले. "मी येऊन काय करू तिथं?... हाव... हाव, ऑफिस पाहनारा हाय एक जन, चार नंबरचा, भरवशाचा हाय... नाही वं, पाहतो नाही म्हनत. येतो. येतो म्हनतो ना."

ऑफिसकडे जायचं आमचं वळण आलं आणि गेलं. काका सरळच चालत राहिले. मीही न वळता त्यांच्यामागून गेलो.